जर्मनीहून आणलेल्या वायरलेस वेदर स्टेशनचं घड्याळ बेळगावात जुळत नाही, हवेचा दाबही 925 दाखवतं. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. तुमच्या तीन तक्रारी आहेत: घड्याळाशेजारचं टॉवरचं चिन्ह नुसतं लुकलुकतं, गच्चीवरच्या सेन्सरचे आकडे जाऊन मधूनच रेघा येतात आणि दाब फार कमी दिसतो. पहिल्या दोन्हींचं मूळ बहुधा एकच आहे. तिसरी मुळात तक्रारच नव्हे.

हे घड्याळ डीसीएफ-77 हा रेडिओवरून वेळ सांगणारा जर्मन सिग्नल शोधतं. तो फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झवर सुटतो आणि साधारण 2000 किलोमीटरपर्यंत भरवशाने पोचतो. बेळगाव त्याच्या तिपटीहून लांब. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन यांची अशीच केंद्रं आहेत, पण भारतात लाँगवेव्हवरून वेळ देणारं केंद्र नाही. त्यामुळे घरातला पडद्याचा डबा खिडकीत ठेवा की गच्चीवर न्या, काही फरक पडणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन रेडिओ घड्याळ बंदच करा. चालू ठेवलं तर ते रोज रात्री सिग्नल शोधत बसतं आणि सेल संपवतं. शिवाय बऱ्याच मॉडेलांत हा शोध चालू असताना सेन्सरचं ऐकणं थांबतं. तुमच्या रेघा रात्रीच येत असतील तर कारण हेच.

वेळ हातानेच लावा. टाइम झोनमधून ‘अधिक 4 तास’ वगैरे जुळवायला जाऊ नका. जर्मनी आणि आपल्यात हिवाळ्यात साडेचार नि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो आणि बऱ्याच डब्यांत अर्ध्या तासाची सोयच नसते. उन्हाळी वेळेचा पर्यायही बंद करा. महिन्याला काही सेकंद इकडेतिकडे होतील, ती पहिल्या तारखेला मोबाइल बघून सारखी करायची. कानात घालायच्या इयरफोनच्या वायरीतून खोटा डीसीएफ सिग्नल काढणारी अ‍ॅप्सही आहेत. हौस असेल तर करून बघा, गरज नाही. अजून काही घ्यायचं असेल तर सरळ वाय-फायवालं घ्या. ते वेळ नेटवरून घेतं. फक्त राउटरचा 2.4 गिगाहर्ट्झ बँड चालू हवा.

रेघा दिवसाही येत असतील तर मग अंतर बघा. खोक्यावरचे 100 मीटर मोकळ्या मैदानातले असतात. तुमच्या घरात मधे दोन स्लॅब आहेत, त्यातल्या सळ्या सिग्नल खातात आणि गच्चीवर पत्र्याचं शेड असेल तर विचारूच नका. डबा जिन्याच्या बाजूच्या भिंतीला टांगून बघा. जोडणी नव्याने करताना दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा, आधी सेन्सरमध्ये सेल घाला, मग डब्यात, आणि दहा-पंधरा मिनिटं कुठलंच बटण दाबू नका. सेन्सरला 1.5 व्होल्टचे लिथियम एए सेल घाला. साधे अल्कलाइन आपल्याकडच्या पावसाळ्यात गळतात. त्याच आकाराचे 3.7 व्होल्टचे चार्जिंगवाले सेल मात्र चुकूनही घालू नका, सर्किट जळेल. पुढेमागे नुसता सेन्सर मागवायची वेळ आली तर डब्यामागची फ्रिक्वेन्सी वाचा. युरोपातलं 433 किंवा 868 मेगाहर्ट्झ असतं, अमेरिकेतलं बहुतेक 915. ते एकमेकांशी बोलत नाहीत.

सेन्सरची जागा हा खरा कस. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या स्लॅबवर, काळ्या टाकीजवळ किंवा पत्र्याखाली लावला तर तुम्ही स्लॅबचं तापमान मोजताय, हवेचं नाही. परसात मातीवर, दीड मीटर उंचीवर, ऊन अडवणाऱ्या, एकावर एक थाळ्या रचलेल्या पांढऱ्या छत्रीत लावा. वारामापक वेगळा असेल तर तो गच्चीवर जीआय पाइपला, यू-क्लॅम्पने. पाइपला अर्थिंग द्या, वळवाच्या विजा इथे थट्टा करत नाहीत.

पर्जन्यमापकाचं माप तपासायला मेडिकलमधली सिरिंज नि सलाइनचा सेट पुरतो. नरसाळ्याचा व्यास 11 सेंटिमीटर असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ 95 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 95 मिलिलिटर पाण्याला 10 मिलिमीटर पाऊस दिसायला हवा. पाणी थेंबथेंब, अर्धा तास घेऊन सोडा. भसकन ओतलं तर पाणी मोजणारी आतली झुलती पळी उलटेपर्यंतचं पाणी मोजलंच जात नाही आणि आकडा कमी येतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुसळधार पावसातही नेमकं हेच होतं, तिकडे कुणी बसवत असेल तर हे ध्यानात ठेवावं. जूनच्या आधी नरसाळं काढून कोळ्याची जाळी साफ करा. दिवसाचा पाऊस पेपरातल्या आकड्याशी जुळणार नाही: डबा मध्यरात्री शून्यावर येतो, हवामान खात्याचा दिवस सकाळी 8.30 ते 8.30.

आता दाब. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, तेव्हा 925 हेक्टोपास्कल हा इथला अगदी बरोबर, निव्वळ दाब. बातम्यांतला 1010 वगैरे आकडा समुद्रसपाटीला नेलेला असतो. ‘रिलेटिव्ह’ दाबात जाऊन सांबरा विमानतळाचा त्याच वेळचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला नेलेल्या दाबाचा आकडा भरा. साधारण 85 ची भर पडेल. निपाणी, खानापूर खाली आहेत, तिथे भर कमी.

आणि पडद्यावरच्या ढग-सूर्याच्या चित्रांवर कपडे वाळत घालू नका. ती दाब चढला-उतरला यावरून बदलतात आणि युरोपच्या हवेसाठी बेतलेली आहेत. आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, आभाळ निरभ्र असलं तरी. त्यामुळे डबा दुपारी उगाच ढग दाखवतो. आजचा दहाचा आकडा कालच्या दहाच्या आकड्याशी ताडून बघा, त्यातून काहीतरी कळेल.