दादा निशिकासाईत ‘स्थायिक’ झाला, हे जपानीत कसं लिहू?

प्रश्न : मी जपानी भाषेच्या एन 4 परीक्षेची तयारी करते आहे. ‘माझं कुटुंब’ यावर निबंध लिहायचाय. दादा आधी ओसाकाला, मग नागोयाला होता. आता वहिनी आणि मुलीला घेऊन टोकियोत निशिकासाईला राहतो. ‘स्थायिक झाला’साठी सुमित्सुकु, ओचित्सुकु आणि तेइजू सुरु असे तीन शब्द सापडले. कोणता घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओचित्सुकु घ्या. ‘आनि वा निशिकासाई नि ओचित्सुकिमाशिता.’ यातलं आनि म्हणजे थोरला भाऊ.

माझं हे अत्यंत आवडतं क्रियापद आहे. ओचिरु म्हणजे पडणं, त्सुकु म्हणजे टेकणं, चिकटणं. रडणारं मूल शांत झालं, घाबरलेलं मन सावरलं, तरी जपानी माणूस ओचित्सुकुच म्हणतो. आपल्याकडे माणसालाही थारा मिळतो आणि मनही थाऱ्यावर येतं, अगदी तसं. दोन गावं फिरून दादा आता थाऱ्याला लागले, हे या एका शब्दात येतं.

सुमित्सुकु चूक नाही, पण त्यात बाहेरून येऊन तिथलंच होऊन जाण्याची छटा आहे. मोकाट मांजर अंगणात येऊन ठाण मांडतं, तेव्हा हेच क्रियापद वापरतात. नोकरीसाठी रीतसर गेलेल्या भावाबद्दल मी ते लिहिणार नाही.

तेइजू तर कागदपत्रांतला शब्द. ‘तेइजूशा’ हा निवासाचा एक वेगळा परवाना आहे. 1990 नंतर ब्राझील, पेरूमधले जपानी वंशाचे पुष्कळ लोक त्यावर जपानला आले. निशिकासाईतली आपली भारतीय मंडळी बहुतेक संगणकक्षेत्रातली, 2000च्या आसपासपासून तिथे वाढत गेलेली. त्यांचा नोकरीचा परवाना निराळा. कायमच्या निवासाला ‘एइजू’ म्हणतात आणि त्यासाठी साधारण 10 वर्षांचं वास्तव्य लागतं. तेव्हा दादांचा परवाना कोणता हे विचारल्याशिवाय हे दोन्ही शब्द निबंधात आणू नका.

पुढच्या वाक्यात ते तिथे राहतात असं लिहाल, तेव्हा ‘सुमिमासु’ नको, ‘सुंदे इमासु’ हवं. नाहीतर ‘राहणार आहे’ असा अर्थ होतो. सुमु (राहणं) या मूळ क्रियापदाच्या आधी जागेच्या नावाला ‘नि’ लागतो, कुरासु (दिवस घालवणं, जगणं) वापरलंत तर ‘दे’. आणि स्वतःच्या भावाला परक्यांसमोर ‘ओनीसान’ (दादा) म्हणू नका. ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते. घरी हाक मारताना ओनीसान, निबंधात मात्र आनि.