मेटल डिटेक्टर घेऊन पहिल्यांदा निघताय?

मशीन घेतलंत, मस्त! पण थेट शेतात शिरू नका. इथे इंग्लंडमध्ये आधी जमीनमालकाची परवानगी, शक्यतो लेखी.

पहिल्या दिवशी एवढंच बघा:

- कॉइल (दांड्याच्या खालची गोल थाळी) जमिनीलगत, सपाट, सावकाश फिरवा. नवखे झाडू मारल्यासारखे भराभर फिरवतात. टोकाला हात वर जातो आणि नाणं निसटतं.
- आवाज येईल तिथे खणा. बहुतेक बाटल्यांची झाकणंच निघतील, पण कान त्यातूनच तयार होतो.
- खड्डा बुजवा.

नाणं मिळालं तर घासू नका! मी चांदीचं एक असंच घालवलंय. खजिना वाटेल असं काही निघालं, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं. सेटिंग्जचं नंतर बघू. आणि हो, सुट्टीत हे मशीन गडावर न्यायचा विचार असेल, तर सोडा.