रोहिंग्या छावण्यांमध्ये तांदूळ-डाळीसोबत गॅस सिलिंडर का देतात?

कारण चुलीच्या सरपणासाठी डोंगर बोडका झाला, की पावसात त्याची माती छावणीवरच येते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवत बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. बांबू-ताडपत्रीची घरं टेकड्यांच्या उतारावरच उभी राहिली. आधी झाडं गेली, मग लोकांनी मुळंसुद्धा खणून जाळली. माती धरून ठेवायला काही उरलंच नाही. लाकूडफाट्यासाठी बायका-मुलांना जंगलात लांबवर जावं लागे, तिथे हत्तींची भीती, शिवाय छेडछाड. काही कुटुंबं तर मिळालेला तांदूळ विकून सरपण घेत होती! म्हणून २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी गॅस आणि शेगड्या द्यायला सुरुवात केली. सरपणाची मागणी खूप घटली, उतारांवर पुन्हा गवत-झाडं लावता आली. माझ्या मते ही मदत अन्नाइतकीच गरजेची आहे. मात्र एक आहे: या लोकांना तिथे कायदेशीर नोकरी-धंदा करता येत नाही, त्यामुळे रिकामा सिलिंडर भरून मिळणं देणगीदार देशांच्या निधीवरच अवलंबून असतं. तो आटला, की पुन्हा कोयता आणि जंगल.