घरात स्वसंरक्षणासाठी बाराबोरमध्ये कोणती काडतुसं ठेवावीत? बारीक छर्रे भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून तेच बरे ना?

नाही. आणि हा प्रश्न दिसल्यावर मला गप्प बसवत नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले.

दाजींच्या कपाटात आठ नंबरची काडतुसं असायची. चोराला पळवायला एवढी पुरे, आणि पार्टिशनपलीकडे झोपलेल्या पोरांना धोका नाही, असं त्यांचं म्हणणं. मी क्ले शूटिंग करते. आठ नंबर म्हणजे उडती तबकडी फोडायचं माझं नेहमीचं काडतूस, जेमतेम २.३ मिलिमीटरचे दाणे, पण एका काडतुसात चारशेच्या वर. जवळून ते काय करतं हे मी पाहिलेलं होतं. पण मी तोंड उघडलं की दाजी म्हणायचे, "तुझं ते खेळातलं झालं, घरातलं वेगळं." हे मला फार लागायचं.

शेवटी रेंजवर परवानगी काढली आणि लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी १२ मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड ठोकून खोलीची भिंत तयार केली. तिच्यामागे तशीच दुसरी. अंतर चार मीटर, म्हणजे बेडरूमच्या दारापासून पलंगापर्यंत असतं तेवढं. बार दाजींनीच टाकला. पहिल्या भिंतीला मूठ आत जाईल असं भोक पडलं, आरपार. दुसऱ्या भिंतीचा पुढचा बोर्ड चाळणी झाला होता. दाजी उकिडवे बसले, बोट घालून बघितलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. म्हणाले, "अंतर फार कमी ठेवलंस." घरात अंतर कमीच असतं, दाजी! एवढ्या अंतरात दाणे पसरत नाहीत, सगळे गठ्ठ्यानेच येऊन आदळतात.

दुसरी बाजू आणखी वाईट. भिंत फोडणारे हेच दाणे माणसाला थांबवतील याची खात्री नाही. १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळी जिलेटिनमध्ये (चाचणीसाठी मांसाऐवजी वापरतात तो ठोकळा) किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटीमीटर, शिरली पाहिजे असा निकष धरला. आठ नंबर त्याच्या निम्म्यापर्यंतही धड पोचत नाही. जखम भयंकर दिसते, पण वरवरची राहते. अंगावर धावून येणारा माणूस त्याने थांबेलच असं नाही.

मग ठेवायचं काय? बकशॉट, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं काडतूस. डबल-ऑट, म्हणजे ८.४ मिलिमीटरचे आठ किंवा नऊ दाणे. आपल्याकडे ज्याला एसजी म्हणतात तो साधारण याच आकाराचा. त्यातही कमी धक्क्याचं घ्या, दुसरा बार लवकर नेमावर येतो. घरात पातळ पार्टिशनंच असतील तर नंबर चार बक: ६.१ मिलिमीटरचे २७ दाणे, भिंतीपलीकडे तुलनेने लवकर दम तोडतात. नंबर चार 'बक' म्हणतेय, पाखरांसाठीचा साधा नंबर चार नव्हे. स्लग घरात नकोच; २८ ग्रॅमचा एकसंध शिशाचा गोळा किती खोल्या ओलांडेल याचा नेम नाही. मिठाची, रबराची काडतुसं वगैरे प्रकारांवर जीव टांगू नका.

घेतलेलं काडतूस तुमच्याच बंदुकीतून, घरातल्या लांबात लांब अंतरावरून कागदावर मारून बघा. तेच काडतूस एका नळीतून तळहाताएवढं पडतं, दुसरीतून ताटाएवढं. माणसाला न लागलेला प्रत्येक दाणा भिंतीतच जाणार आहे. आणि माणसाला थांबवेल पण जिप्सम बोर्डातून जाणार नाही, असं काडतूस मला तरी माहीत नाही. म्हणून कोण कुठे झोपतं आणि कुठल्या दिशेला बार टाकायचाच नाही, हे आधी ठरवा. दाजी आता पंप बंदुकीचा दस्ता मागेपुढे केल्याच्या नुसत्या खटक्याने चोर पळतो या मुद्द्यावर आलेत. पळाला तर आनंदच आहे, पण पळाला नाही तर आत काय भरलंय, याचं उत्तर ते अजून देत नाहीत.

हे सगळं पातळ भिंतींबद्दल झालं. पक्क्या विटांच्या भिंतीचं गणित वेगळं, तिथे दाणे उलट फिरण्याचीही भीती. बार कधी टाकता येतो हे तुमच्या देशाचा कायदा सांगेल, तो काडतुसं घेण्याआधी वाचा. घरात मुलं असतील तर बंदूक कुलपात हवी. नळीवर काडतुसाची लांबी ७० मिलिमीटर लिहिली असेल तर ७६ ची काडतुसं त्यात घालू नका, बसली तरी. आणि वीस बोरचं काडतूस त्या कपाटात ठेवूच नका: ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं बसतं आणि चाप ओढला की नळी फुटते.