खुर्ची नवी, भीती जुनी

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रमोशनला तीन महिने झाले नाहीत आणि म्हणतोस या खुर्चीच्या लायकीचा नाही मी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात बावीस वर्षं काढलीत की मी, हे मला नवीन नाही.

बघ, आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं, मोठ्यांपुढं तोंड उघडू नको, स्वतःची टिमकी वाजवू नको. आता तेच पोरगं मॅनेजर होतं आणि हाताखाली कोण, तर बापाच्या वयाचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, घरी तेलुगू बोलणारा, लूमच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा. त्याला काम सांगायचं तर जीभ वळत नाही, आणि मग आपण म्हणतो आपल्यात लीडरशिपच नाही. हॉफस्टेड नावाच्या डच माणसानं आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या स्टाफच्या सर्व्हेवरून, साहेब वर आणि आपण खाली हे लोक किती सहज मानतात त्याचे आकडे काढले, भारत 77, अमेरिका 40. अर्थात आकडा देशाचा, तुझा नव्हे. पण तिकडच्या मॅनेजरची पट्टी घेऊन स्वतःला मोजलंस तर कमीच भरणार ना.

दुसरं म्हणजे डिपार्टमेंटची हवा, आणि हे मला महागात पडलंय. एका ठिकाणी साहेब रोज सकाळी सगळ्यांसमोर रिजेक्शनचा आकडा वाचून एकेकाला उभं करायचे, मग आम्ही काय केलं, डाग पडलेला माल लपवायला शिकलो, आणि दोन वर्षं मला खरंच वाटायचं की मी बिनकामाचा आहे. नोकरी बदलली, काम तेच, हात तेच, फक्त नवे साहेब विचारायचे काय अडलंय, आणि सहा महिन्यांत मी मीटिंगमध्ये भांडायला लागलो!

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी 90 च्या दशकात हॉस्पिटलमध्ये औषधाच्या चुका मोजल्या तर चांगल्या टीमच्या वॉर्डांत चुका जास्त निघाल्या, आधी त्याच चक्रावल्या, मग कळलं की तिथले लोक चुका न घाबरता सांगत होते. तुझ्याकडं तक्रारी वाढल्यात म्हणून रडतोयस ना? त्या आधीच्या मॅनेजरला कुणी सांगत होतं का, ते बघ आधी.

उद्या पाळी बदलताना त्या जॉबरजवळ जा, अण्णा म्हण, आणि सरळ विचार की माझं कुठं चुकतंय. गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येशीलच की, तेव्हा सांग काय म्हणाला ते.