जुन्या एअर-कूल्ड ९११ वाल्यांचे प्रश्न: तेल, धूर आणि गॅरेजचं एस्टिमेट

या वेळी सगळे प्रश्न पोर्शे ९११ च्या एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने गार होणाऱ्या) गाड्यांचे आलेत, आणि विचारणारे सगळे बाहेर राहणारे आपले लोक. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: दादा, १९८२ ची ९११ एससी घेतली. सकाळी डिपस्टिक काढली तर कोरडी! दोन लिटर तेल टाकलं, तरी नीट दिसेना म्हणून अजून एक. आता मागून निळा धूर येतोय, एअर फिल्टर तेलाने माखलाय. इंजिन गेलं का? (न्यू जर्सी)

इंजिन ठणठणीत असणार, तेल जास्त झालंय एवढंच. ही ड्राय सम्प गाडी आहे, तेल राहतं ते मागच्या उजव्या चाकापाशी असलेल्या वेगळ्या टाकीत, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं बरंचसं हळूहळू इंजिनात उतरतं, मग सकाळी डिपस्टिक कोरडीच दिसणार ना. मोजायची पद्धत एकच. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून तेल चांगलं गरम करायचं, सपाट जागेवर लावायची, इंजिन बंद न करता आयडलवर ठेवायचं आणि मग डिपस्टिक बघायची. डॅशबोर्डवरचा लेव्हलचा काटासुद्धा तेवढ्याच वेळी खरं सांगतो, चालत्या गाडीत तो खाली पडलेला दिसला म्हणून बाजूला घेऊन तेल ओतत बसू नका (असं करणारे बरेच आहेत). वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण दीड लिटरचाच फरक असतो, त्यामुळे टाकायचं झालं तर एकावेळी अर्धा लिटर, आणि मधोमध आलं की बास.

जास्तीचं तेल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या डब्यात जातं आणि तिथून जळतं, तुमचा धूर तोच. टाकीच्या ड्रेन प्लगमधून जास्तीचं काढा, एअर बॉक्स पुसून घ्या, फिल्टर नवा घाला. नंतरही बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीने स्टार्टला भपकन धूर सोडला आणि मिनिटभरात थांबला तर तिकडे लक्ष देऊ नका, सिलिंडर आडवे आहेत, थोडं तेल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपणारच. आणि तेल बदलताना नऊ-दहा लिटर लागतं म्हणून बदल पुढे ढकलू नका प्लीज, हे इंजिन गार ठेवण्यात पंख्यासोबत तेलाचाही मोठा वाटा आहे.

प्रश्न: १९८६ ची कॅरेरा ३.२, गाडीखाली रोज तेलाचे डाग. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवून पूर्ण रीबिल्ड करू. एस्टिमेट बघून बायको म्हणाली गाडीच विकून टाक. काय करू? (कॅलिफोर्निया)

आधी गाडी विकू नका आणि रीबिल्डलाही हो म्हणू नका. त्याने लीक-डाउन टेस्ट केली का हे विचारा. नसेल केली तर रीबिल्ड कशाच्या जोरावर सांगतोय? टेस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती टक्के निसटते ते बघायचं. गरम इंजिनात सहाही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत असतील तर छान. एखादा वीस-पंचवीसच्या वर गेला तर कान लावून ऐका: एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

हे आकडे बरे असतील तर उरली फक्त गळती, आणि गळतीसाठी कोणी रीबिल्ड करत नाही. इंजिन खालून धुऊन घ्या, पूर्ण वाळू द्या, पावडर मारा, थोडं चालवा आणि ओली रेघ कुठून निघते ते टॉर्च घेऊन बघा. नेहमीचे चोर म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केटं, रॉकर शाफ्टची टोकं, सिलिंडरखालच्या चार ऑइल रिटर्न ट्यूब, आणि वर पंख्याच्या आसपास असलेले प्रेशर सेंडर, ऑइल थर्मोस्टॅट, ब्रीदर कव्हर. वरचं गळणारं तेल ओघळून खाली येतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. रिटर्न ट्यूब गळत असतील तर दोन तुकड्यांच्या सरकत्या ट्यूब मिळतात, जुनी कापून काढायची आणि नवी बसवायची, हेड खोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र लवकर बघा, तेल हीट एक्सचेंजरवर (एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीचं, हवा तापवणारं कवच) पडतंय का. केबिनचा हीटर तिथलीच हवा आत आणतो, जळक्या तेलाचा वास येत असेल तर हीटर बंद ठेवा. आणि एक्सचेंजर गंजून भोक पडलं असेल तर वासाचं सोडाच, कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, तिथे चालढकल नको.

प्रश्न: एससी थंडीत स्टार्ट करताना मागून फटाक्यासारखा आवाज आला, तेव्हापासून आयडल वरखाली होतंय. (श्टुटगार्ट)

एअर बॉक्स फुटला. के-जेट्रॉनिकवाल्या (बॉशचं यांत्रिक इंधन इंजेक्शन असलेल्या) ९११ चं हे ठरलेलं दुखणं आहे, बॅकफायर झाला की प्लॅस्टिकच्या बॉक्सला तडा जातो आणि न मोजलेली हवा आत शिरते. बॉक्स नवाच घ्या, डिंक लावून जुना चालवायचा प्रयत्न फार दिवस टिकत नाही, आणि नव्यात पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारी झडप) नक्की बसवा म्हणजे पुढच्या वेळी दाब तिथून निघून जाईल. व्हॉल्व्ह चिकटवल्यावर पूर्ण सुकू द्या, घाई केली तर तीच नवी गळती. आणि स्टार्ट करताना ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही! कार्ब्युरेटरच्या गाड्यांची ती सवय इथे चालत नाही.

प्रश्न: व्हॉल्व्ह ॲडजस्टमेंट घरी जमेल का? गाडी १९७८ ची. (इंग्लंड)

जमेल, शनिवार पूर्ण मोकळा ठेवा. इंजिन एकदम गार हवं, आदल्या रात्रीपासून उभं असलेलं. बाराही व्हॉल्व्हना गॅप ०.१ मिमी. पुलीवरची झेड-१ ची खूण (एक नंबरचा पिस्टन सर्वात वर असल्याची) जुळवा, डिस्ट्रिब्युटरचा रोटर एक नंबरकडे आहे ना ते बघा, एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह करा, मग पुली १२० अंश फिरवायची आणि पुढचा सिलिंडर: १-६-२-४-३-५. खरा वैताग फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) आत घालताना येतो, विशेषतः खालच्या एक्झॉस्ट बाजूला, चार पात्या वाकवून टाकाल. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो म्हणून आवळल्यावर परत मोजायचं. शंका आली तर किंचित सैल चालेल, घट्ट नको, घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

खालची कव्हरं काढल्यावर हेड स्टड (सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब बोल्ट) पण बघून घ्या, एससीमधले खालचे डिलावार या मिश्रधातूचे स्टड तुटतात आणि बऱ्याचदा याच कामात सापडतात. तुटलेला निघाला तर मात्र इंजिन खोलावंच लागेल, तिथे मी काही आशा दाखवू शकत नाही.

प्रश्न: हायवेवर बॅटरीचा लाल दिवा लागला. घरापर्यंत वीसेक किलोमीटर होतं, चालवून आणली तर चाललं असतं का? गाडी १९८४ ची.

नाही. या गाडीत पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात, दिवा लागला म्हणजे पट्टा तुटला असण्याची शक्यता मोठी, आणि पंखा थांबला की इंजिनावर हवाच नाही. लगेच बाजूला घ्यायची, बंद करायची. नवा पट्टा आणि पुली खोलायचं टूल पुढच्या डिकीत कायम ठेवा. पट्ट्याचा ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून जमवतात, मधे अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर दबला पाहिजे, आणि उरलेल्या शिम फेकायच्या नाहीत, नटाखाली बाहेरच्या बाजूला परत लावायच्या.