वाचकांचे प्रश्न : अधिकाऱ्याने खासगीत लिहिलेले नाव

प्रश्न : लंडनमधल्या १८८८च्या 'जॅक द रिपर' खुनांचा छडा लागला नाही. तरी स्कॉटलंड यार्डच्या, म्हणजे लंडन पोलिसांच्या, वरिष्ठांनी खासगी टिपणांत, पत्रांत संशयितांची नावे लिहून ठेवली. ती खरी का मानू नयेत?

उत्तर : आधी नाव बाजूला ठेवा आणि त्याच्याभोवतीचे तपशील तपासा. वय, व्यवसाय, कैद, मृत्यू यांची नोंद पोलिसांबाहेरही कुठेतरी झालेली असते. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मेल्विल मॅकनॉटन यांच्या २३ फेब्रुवारी १८९४च्या गोपनीय टिपणात तिघे संशयित आहेत. पैकी माँटेग्यू ड्रुइट त्यांच्या लेखी डॉक्टर. मॅकनॉटन यांच्या कुटुंबाकडे राहिलेल्या प्रतीत वयही दिले आहे, सुमारे ४१. प्रत्यक्षात तो बॅरिस्टर होता, शाळेत शिकवायचा आणि ३१ डिसेंबर १८८८ला त्याचे प्रेत थेम्स नदीत सापडले तेव्हा ३१ वर्षांचा होता. मायकेल ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता.

असे का झाले? मॅकनॉटन दलात आले जून १८८९मध्ये. रिपरच्या नावावर सहसा धरल्या जाणाऱ्या पाच खुनांतला शेवटचा ९ नोव्हेंबर १८८८चा. म्हणजे सगळे ऐकीव किंवा फायलीतले. शिवाय एका वृत्तपत्राने थॉमस कटबुश नावाच्या माणसावर संशय घेतला होता, तो खोडण्यासाठी हे टिपण लिहिले गेले. 'कटबुशपेक्षा हे तिघे अधिक संशयास्पद' एवढाच त्याचा दावा आहे. लोक त्याला निकालपत्र समजतात, हे मला फार खटकते.

स्कॉटलंड यार्डचेच अधिकारी डोनाल्ड स्वॉन्सन यांचे प्रकरण खरोखर अवघड आहे. तपासाचे सगळे कागद त्यांच्या हाताखालून जात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन द्यावे लागते. त्यांचे वरिष्ठ रॉबर्ट अँडरसन यांनी १९१०च्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले की साक्षीदाराने संशयिताला ओळखले, पण साक्ष द्यायला नकार दिला. स्वॉन्सननी त्या पुस्तकाच्या आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने नाव टाकले : कॉस्मिन्स्की. फक्त आडनाव. तो कॉल्नी हॅच मनोरुग्णालयात गेल्यावर लवकरच वारला, असेही लिहिले. रुग्णालयाच्या नोंदीत सापडणारा ॲरन कॉस्मिन्स्की मात्र फेब्रुवारी १८९१मध्ये तिथे दाखल झाला आणि वारला १९१९मध्ये. स्मरणाची चूक, माणसांची गल्लत किंवा चुकीचा निरोप, काहीही असू शकते. पण मृत्यूचीच माहिती चुकली असेल, तर ओळखपरेडीचा तपशील नुसत्या त्यांच्या शब्दावर धरता येत नाही. आणि अँडरसन व स्वॉन्सन हे दोन स्वतंत्र साक्षीदार मोजू नका. एकाने दुसऱ्याच्या छापील मजकुरावर लिहिले आहे.

प्रश्न : अनेक अधिकारी एकाच नावावर येतात का?

उत्तर : नाही. तपासातले अधिकारी फ्रेडरिक ॲबरलाइन यांनी १९०३मध्ये जॉर्ज चॅपमनकडे बोट दाखवले, तर दुसरे अधिकारी जॉन लिटलचाइल्ड यांनी १९१३च्या पत्रात डॉ. टम्बल्टीकडे.

प्रश्न : हस्ताक्षर अस्सल ठरले, तर दावा सिद्ध झाला ना?

उत्तर : त्यावरून लिहिणारा कोण, एवढेच ठरते. असा कागद हाती आला तर पान फाडून वेगळे करू नका, त्यावर काही लिहू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, तो कोणाकडून कोणाकडे आला याची तारखांसह यादी करा आणि त्याच व्यक्तीचे त्याच वर्षांतले दुसरे लेखन तुलनेला मिळवा. मग मजकुरातले एकेक विधान घेऊन, ते लिहिणाऱ्याने पाहिलेले, वाचलेले की ऐकलेले, हे समोर नोंदवा.